पनवेलचं बिनपगारी मंडळ

ते प्रकरण आठवलं की आजही मला थोडं हसू येतं, बरीचशी लाज वाटते, आणि ज्या माणसामुळे ते निभावलं त्याच्यापुढे मनातल्या मनात हात जोडले जातात. खून, दरोडा, दंगल असलं त्यात काहीच नव्हतं. एक चामड्याची बॅग हरवली होती, एवढंच. पण पोलिसाच्या नोकरीत मी जे काही शिकलो त्यातला मोठा भाग त्या एका बॅगेनं शिकवला. त्यातली बरीच माणसं आज हयात नाहीत, त्यांची मुलं-नातवंडं मात्र याच भागात नांदत आहेत. म्हणून नावं कोणाचीच देत नाही.

साठच्या दशकाची सुरुवात होती. पनवेल पोलीस ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच बदलून आलो होतो. मी मूळचा घाटावरचा. खाडी, भरती-ओहोटी, मिठागरं हे सगळं मला नवीन. पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबई गाठायची तर एसटीनं लांबचा वळसा घ्यायचा, नाहीतर उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच पकडायची. गावात भाताच्या गिरण्या होत्या, गवताच्या वखारी होत्या आणि बैलगाडीची चाकं बनवणारे कारखाने होते. पुण्याकडे जाणारे ट्रक भर रस्त्यातून धडधडत जायचे आणि पनवेलकडे न बघता पुढे निघून जायचे.

हे न बघता निघून जाणं गावातल्या पाच-सात माणसांना खुपत होतं. त्यांनी एक मंडळ काढलं होतं. काम एकच, आपल्या तालुक्याची ओळख बाहेरच्यांना करून द्यायची. व्यापारी, कारखानदार, जो कोणी चार पैसे गुंतवील आणि चार हातांना काम देईल त्याला इकडे घेऊन यायचं. पदरचं भाडं खर्चून ही मंडळी मुंबईला जात. पिशवीत तांदळाचा नमुना, मिठाची पुडी, वालाचे दाणे आणि हातानं काढलेला तालुक्याचा नकाशा. पेढ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या बाहेर बाकावर तास न् तास बसायची. आत बोलावलं तर बोलायची, नाही बोलावलं तर नमुना शिपायाच्या हातात देऊन परत यायची. पगार नाही, दलाली नाही. गावातले टवाळ त्यांना ‘बिनपगारी फुल अधिकारी’ म्हणत. पुढे त्याचं नुसतं ‘बिनपगारी मंडळ’ झालं आणि त्या लोकांनीही ते नाव हसत हसत घेतलं.

मंडळाचे म्होरके म्हणजे चाकवाले. बैलगाडीची चाकं बनवायचा त्यांचा पिढीजात धंदा. बुटकी, रुंद बांध्याची मूर्ती, डोक्यावर पांढरी टोपी, बोटांना कायम रंधा मारल्याचे घट्टे. ट्रक आल्यापासून चाकांचा धंदा उतरणीला लागला होता आणि हा माणूस तालुक्यात आणखी कारखाने, म्हणजे आणखी ट्रक आणायला निघाला होता. मी एकदा त्यांना चिडवायला म्हटलं, “शेठ, हे म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं झालं.” ते म्हणाले, “धंदा तसाही चाललाय फौजदारसाहेब. जाताना निदान गावाला कामाला लावून जाऊ दे.” मला तेव्हा वाटलं, हा माणूस एकतर संत आहे नाहीतर पक्का बिलंदर. पोलिसाला यातलं दुसरंच आधी खरं वाटतं.

मार्च महिना असेल. मिठागरांत मिठाच्या राशी लागायला सुरुवात झाली होती. दुपारी दोनच्या सुमारास ठाण्यासमोर एक काळी मोटार येऊन थांबली. मागच्या सीटवरून मुंबईचे एक कारखानदार उतरले, संतापानं लालेलाल झालेले. पुढच्या सीटवरून चाकवाले उतरले, खाली मान घालून.

कारखानदारांनी उभ्या उभ्याच फिर्याद सांगायला सुरुवात केली. मिठापासून रसायन बनवायचा कारखाना त्यांना काढायचा होता. चाकवाले महिनोन्‌महिने त्यांच्या कचेरीत खेटे घालत होते, म्हणून ते एकदाचे जागा बघायला आले. खाडीकाठचं एक मिठागराचं गाव त्यांना दाखवण्यात आलं.

“एका म्हातारीच्या अंगणात खाट टाकलेली होती,” ते म्हणाले. “तिच्यावर बॅग ठेवून मी बांधावर गेलो. परत येतो तर पानं वाढलेली. मी म्हटलं, मला जेवायचं नाही, मला निघायचंय. बॅग घ्यायला गेलो तर बॅग नाही!”

“बॅगेत काय होतं?”

“सरकारी परवान्याचे अस्सल कागद. यंत्रांचे नकाशे. ते नकाशे मिळवायला या धंद्यातला दुसरा माणूस वाटेल ते करील. आणि ऐका, मी बॅग विचारतोय तर ती माणसं हसतायत! बायका तोंडाला पदर लावून हसतायत!”

“मग?”

“मी सरळ म्हटलं, तुम्ही सगळे चोर आहात. मग बरोबर हसायचे थांबले. आणि हे गृहस्थ,” त्यांनी चाकवाल्यांकडे बोट केलं, “हे मला म्हणतात, जरा थांबा, मिळेल! यांना कसं माहीत मिळेल ते? पुढचं मी काही ऐकूनच घेतलं नाही. हेच सामील आहेत.”

मी फिर्याद नोंदवून घेतली. चोरीचा गुन्हा दाखल झाला. कारखानदार म्हणाले, कागद मिळाल्याशिवाय मी पनवेल सोडणार नाही, आणि ते डाकबंगल्यावर जाऊन बसले. मी चाकवाल्यांना आत घेतलं.

“बॅग कुठे आहे?”

“मिळेल साहेब.”

“म्हणजे कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत नाही. पण मिळेल. मला दोन दिवस द्या, मी आणून देतो.”

आता पोलिसाच्या कानाला हे वाक्य कसं लागतं ते सांगतो. ‘दोन दिवसांत आणून देतो’ असं म्हणणारा माणूस शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा स्वतः चोर असतो, नाहीतर चोराचा भागीदार. बाकीचा एक माझ्या समोर बसलाय हे मला कसं कळावं?

“कोणाकडे दिलीत?”

“कोणाकडेच नाही.”

“मग गावातल्या कोणी घेतली? नाव सांगा.”

ते गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. शेवटी म्हणाले, “पाहुणा माझ्या शब्दावर आला होता. बॅग गेली ती माझ्याकडून गेली, असं लिहा.”

मी खोटं कशाला सांगू? माझा हात उठला होता. तेवढ्यात आमचे जमादार दारातून आत आले. अलिबागकडचे, पेन्शनीला टेकलेले, शांत गृहस्थ. “साहेब, चहा घेता ना?” त्यांनी विचारलं. चहाची वेळ नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. माझा हात खाली आला. त्या चहाबद्दल मी जमादारांचे आभार कधी मानले नाहीत, ते आज इथे मानतो.

चाकवाल्यांना मी ठाण्यातच बसवून ठेवलं. कायद्याच्या भाषेत त्याला अटक म्हणत नसत, ‘चौकशीसाठी बसवणं’ म्हणत. कायद्याच्या एक पाऊल अलीकडे राहून पलीकडचं काम करून घ्यायची ती आमची जुनी खोड. बॅग मिळाली नाही तर उद्या अटक दाखवायची आणि दुपारी तीनला रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, असं मी ठरवलं. एकदा स्टेशन डायरीत अटकेची नोंद झाली की ती पुसता येत नाही. ज्या माणसाचा शब्द हेच ज्याचं भांडवल, तो चोरीच्या आरोपात कोर्टात उभा राहिला की संपला. मुंबईतल्या कुठल्या कचेरीत मग त्याला बाकावर तरी बसू दिलं असतं? हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्यासमोर फिर्यादी होता, गुन्हा होता आणि काही केल्या बोलायला तयार नसलेला माणूस होता.

संध्याकाळी आमचा खबरी ठाण्याच्या मागच्या दारानं आला. दारूबंदीचे दिवस होते. आमचं निम्मं काम हातभट्ट्या शोधायचं, आणि या खबऱ्याच्या सांगण्यावरूनच तीन-चार महिन्यांपूर्वी मी त्याच मिठागराच्या गावावर छापा घातला होता.

“साहेब, पक्की खबर हाय,” तो म्हणाला. “बॅग म्हातारीच्या घरान गेली. मी या डोल्यांनी बघली. चाकवाल्यानं हातानं इशारा केला न् म्हातारीनं बॅग उचलली. आदीच ठरलेला होता सगला.”

मला आणखी काय हवं होतं? मी दुसऱ्या दिवशी सकाळसाठी छाप्याची तयारी सांगितली. सहा शिपाई, काठ्या, पंच म्हणून गावातले दोघे. घरांची झडती घ्यायची, म्हातारीला उचलायची, चाकवाल्यांच्या समोर उभी करायची. अर्ध्या तासाचं काम.

सकाळी हजेरी घेऊन बाहेर आलो तर ठाण्याच्या ओट्यावर मंडळातले एक लाकडाचे व्यापारी बसलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत. मला बघून उठले.

“फौजदारसाहेब, मलाही आत घ्या.”

“तुम्हाला कशाला?”

“त्यांनी चोरी केली असेल तर मंडळानं केली. आणि मंडळात मीही आहे. साहेब, हा इसम बेइमानी करील ना, तर खुदाकसम, पनवेलची खाडी उलटी वाहील.”

जमादार मागून हळूच म्हणाले, “चाचा, खाडी दिवसातून दोनदा उलटी वाहते.”

चाचांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी त्यांना ओट्यावरच बसायला सांगून आत गेलो. चाकवाले भिंतीला टेकून बसले होते. शिपायांची काठ्या-पट्ट्यांची गडबड त्यांना दिसत होती. ते एकदम उठून उभे राहिले. आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

“साहेब, गावात जाताय?”

“जातोय.”

“एक विनंती आहे. एकटे जा. काठी नेऊ नका. आणि आत्ता नको, जेवणाच्या वेळेला जा.”

“का?”

“का ते मी सांगितलं तर तुम्ही ते कागदावर लिहाल. लिहिलं की त्याचा गुन्हा होईल. तुम्ही स्वतः बघा. तिथं कोणी काही दिलं तर नाही म्हणू नका, एवढंच.”

हा माणूस माझी चेष्टा करतोय, की मला कुठल्या सापळ्यात पाठवतोय, हेच मला समजेना. मी जमादारांकडे पाहिलं.

“जाऊन तर बघा साहेब,” ते म्हणाले. “छापा काय, दुपारीपण घालता येईल. घातलेला छापा मात्र परत घेता येत नाही.”

कोणास ठाऊक का, मी ऐकलं. बहुधा आदल्या दिवशी उठलेला हात मला आठवत होता. “मी येईपर्यंत डायरीत अटकेची नोंद करू नका,” असं सांगून मी साडेदहाला सायकल काढली. एक शिपाई बरोबर घेतला आणि गावाबाहेरच्या बांधावर त्याला थांबवलं.

मिठागरांच्या मधून जाणारा अरुंद बांध, दोन्हीकडे उन्हात चकाकणारं पाणी, आणि टोकाला पंचवीस-तीस घरांचं गाव. मी दिसताच बांधावरची माणसं फावडी टाकून घराकडे वळली. बायका आत गेल्या. मी म्हातारीच्या अंगणात पोचलो तेव्हा तिथं ती आणि गावातला एक वयस्क गडी, दोघंच होते. म्हातारी काटकुळी, गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेली, ताठ. तिनं खाट पुढे केली. मी टोपी काढून खाटेवर ठेवली आणि घाम पुसला.

“काल इथं पाहुणे आले होते. त्यांची बॅग कुठे आहे?”

“नाय सायेब,” गडी म्हणाला. “आमी काय बघला नाय. आमाला काय म्हाईत नाय.”

“आजी, तुम्हाला?”

म्हातारी उठली. घरात गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. “पानी घ्या.”

चाकवाल्यांचं वाक्य आठवलं. मी पाणी घेतलं. ती माझ्याकडे रोखून बघत होती. मग म्हणाली, “मागं तुमी आलतंव, तवा पानी पन नाय घेतलाव.”

मागे म्हणजे त्या छाप्याच्या वेळी. भट्टी शोधताना आमच्या शिपायांनी या गल्लीतली मडकी फोडली होती, आणि मडकी फोडताना दारूचं कुठलं नि पिण्याच्या पाण्याचं कुठलं हे कोणी बघत बसत नाही. फुटलेल्या मडक्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मी पाणी घेतलं नव्हतं, हे तिच्या लक्षात राहिलं होतं. मी तिथं उगाचच थोडा वेळ बसलो, भरती कधी, मीठ कसं, असलं काहीतरी विचारलं. कोणी धड उत्तर देईना. बॅगेचा विषय काढला की गडी जमिनीकडे बघायचा. शेवटी मी उठलो.

“जेवून जा,” म्हातारी म्हणाली.

“नको आजी, वेळ नाही. कोर्टाचं काम आहे.” असं म्हणून मी खाटेकडे हात केला.

टोपी नव्हती.

खाटेखाली पाहिलं. मागे पाहिलं. अंगणात वारा नव्हता, कुत्रं नव्हतं. फौजदाराची टोपी भर दिवसा, फौजदार समोर बसलेला असताना गायब! माझं डोकं भडकलं. “टोपी कोणी घेतली?” मी ओरडलो. गड्याचा चेहरा पांढरा पडला. पण म्हातारी जागची हलली नाही.

“टोपी कनगीन हाय,” ती शांतपणे म्हणाली. “जेवा, मंग भेटल.”

कनगी म्हणजे भात साठवायची बांबूची मोठी टोपली. मी उघड्या डोक्यानं त्या अंगणात उभा होतो. आदल्या दिवशी फिर्यादीनं सांगितलेलं एकेक वाक्य माझ्या डोक्यात परत फिरायला लागलं. पानं वाढलेली. जेवायचं नाही म्हटलं. बॅग नाही. आणि सगळे हसत होते. चोरी करून कोणी हसत उभा राहतो का? मी इतकी वर्षं चोर पाहिले, हे मला तेव्हाच कसं सुचलं नाही?

आमच्याकडे घाटावर आग्रह तोंडानं करतात, फार तर हात धरून बसवतात. या गावात पाहुणा जेवल्याशिवाय निघाला की त्याची वस्तू लपवायची रीत होती. छत्री, चप्पल, पिशवी, जे हाताला लागेल ते. पाहुण्यानं शोधायचं, सगळ्यांनी हसायचं, शेवटी पाहुण्यानं हार मानून पानावर बसायचं. बसला की वस्तू परत. इकडच्या कुठल्याही पाहुण्याला ते कळलं असतं.

मी मुकाट्यानं पानावर बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. दोन घास खाल्ल्यावर मी मान वर न करता विचारलं, “आजी, त्या मुंबईच्या शेठची बॅगपण कनगीतच आहे का?”

मग म्हातारी म्हणाली, “तो आजून जेवला नाय.”

“अहो, मग त्यानं आरडाओरडा केला तेव्हा काढून का नाही दिलीत?”

“चोर बोलला आमाला,” ती म्हणाली. “मंग कोन भायेर काढल? काढली तं चोर, नाय काढली तं चोर. न् मंग तुमी येनार, काठ्या घेवून. आख्खा गाव रातभर जागा हाय.”

मी जेवत राहिलो. टोपी तिनं आग्रहासाठी लपवली नव्हती, हे मला तेव्हा समजलं. पोलिसांपुढे कबुली देण्याचं बळ त्या गावात कोणाला नव्हतं. म्हणून बॅग कशी गेली हे तिनं मला माझ्याच टोपीवर करून दाखवलं होतं. एवढा सरळ जबाब मला पुढच्या साऱ्या नोकरीत कोणी दिला नाही.

पण आता खरी पंचाईत होती. नियमानं मी शिपायाला हाक मारून पंच बोलवायचे, कनगीतून बॅग काढून पंचनामा करायचा आणि मुद्देमाल जप्त करायचा. पण म्हातारीच्या घरातून मुद्देमाल जप्त झाला, असं एकदा कागदावर आलं की आरोपी कोण? म्हातारीच. फिर्यादी चोरी म्हणतोय, वस्तू घरात सापडली, मग कोर्टात रीतभात कोण ऐकणार? चाकवाले का बोलले नाहीत ते मला आता लख्ख कळलं. ते एक वाक्य बोलले असते तर स्वतः घरी गेले असते आणि ही बाई त्यांच्या जागी येऊन बसली असती.

हात धुतले. म्हातारीनं टोपी आणून दिली. तिच्यावर भाताचा कोंडा लागला होता, तो तिनं पदरानं पुसला.

“आजी, बॅग कनगीतच राहू दे,” मी म्हटलं. “मी त्याला घेऊन येतो. जेवायला.”

नोकरीत केलेल्या बेकायदा गोष्टींमधली ही एकच मी मान वर करून सांगतो. त्या तासा-दोन तासांत बॅग हलली असती तर माझी नोकरी गेली असती. पनवेलपर्यंत मी सायकल अशी मारली की शिपाई निम्म्या वाटेवर मागे पडला.

कारखानदार डाकबंगल्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, “बॅग मिळाली आहे. पण ती घ्यायला तुम्हाला यावं लागेल.” ठाण्यावर थांबून चाकवाल्यांना गाडीत घेतलं. चाचा ओट्यावरून उठून गाडीपाशी आले. वाटेत मी कारखानदारांना सगळं सांगितलं. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

“मी जेवलो नाही याचं कारण तरी कोणी विचारायचं,” शेवटी ते पुटपुटले. “मला पोटाचा विकार आहे. बाहेरचं काही चालत नाही.”

“तुम्ही सांगितलं नाहीत,” चाकवाले म्हणाले. “आणि मी विचारलं नाही. चूक माझी.”

अंगणात या वेळी सगळं गाव जमलं होतं. कोणी हसत नव्हतं. कारखानदार अवघडून खाटेवर बसले. चाकवाल्यांनी म्हातारीच्या कानात पोटाच्या विकाराचं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

“आगो बाय! मंग बोलाचा ना काल!” असं म्हणून ती आत गेली आणि वाडगाभर तांदळाची ऊन ऊन पेज घेऊन आली. वर त्याच मिठागरातल्या मिठाची चिमूट. “ही खा. पोटाला कायच व्हनार नाय.”

एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांत वाडगा धरून फुंकून फुंकून पेज प्यायला लागला. शेवटचा घोट झाल्यावर म्हातारी घरात गेली आणि तिनं बॅग आणून स्वतःच्या हातानं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी उघडून पाहिली नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मी काल चोर म्हटलं. मला माफ करा.” आणि मग कुठूनतरी एक बाई फिसकन हसली, आणि आदल्या दिवशी अडलेलं सगळं हसू त्या अंगणात एकदम बाहेर पडलं. कारखानदारही हसले. मी जरा बाजूला जाऊन नाक शिंकरलं. ऊन फार होतं, असं मी तेव्हा शिपायाला सांगितलं.

ठाण्यावर येऊन त्यांनी पुरवणी जबाब दिला, की फिर्याद गैरसमजातून झाली. मी ‘सी’ समरी, म्हणजे फिर्याद गैरसमजाची होती म्हणून प्रकरण बंद करायची परवानगी, मागितली आणि कोर्टानं ती मंजूर केली. कागदोपत्री प्रकरण इतकंच. खबऱ्यालाही मी बोलावून झाडलं. म्हातारीनं बॅग उचललेली त्यानं पाहिली, तेवढं खरं होतं. चाकवाल्यांनी हात केला होता तो पानं वाढा म्हणून. उरलेली गोष्ट त्यानं आपल्या बिदागीसाठी रचली होती आणि मी ती गिळली होती. जमादारांना मी विचारलं, “तुम्हाला हे माहीत होतं का?” ते म्हणाले, “अंदाज होता साहेब. पण साहेबांना अंदाज सांगायची आपल्या खात्यात पद्धत नाही.” त्या दिवसापासून मी हाताखालच्या माणसाला आधी अंदाज विचारायला लागलो.

चाकवाल्यांना घरी सोडायला मी स्वतः चालत गेलो. त्यांच्या कारखान्याच्या दाराशी थांबून मी म्हटलं, “माझं चुकलं. रात्रभर तुम्हाला बसवलं, हातही उगारला. एक शब्द बोलला असता तर सुटला असता.”

“सुटलो असतो,” ते म्हणाले. “पण तुम्ही काठ्या घेऊन गावात गेला असता. मग पुन्हा त्या गावात कुठल्या पाहुण्याला कोणी पाणी तरी विचारलं असतं का? साहेब, आम्ही मुंबईला जाऊन काय सांगतो? मीठ सगळीकडे आहे, जमीन सगळीकडे आहे. आमच्याकडची माणसं चांगली आहेत, एवढं एकच आमच्याजवळ सांगण्यासारखं आहे. तेच मोडलं तर मी नमुना म्हणून पिशवीत काय घालू?”

मी त्यांच्या पाया पडलो नाही, कारण अंगावर वर्दी होती. पडायला हवं होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, गप्प बसणारा प्रत्येक माणूस स्वतःला वाचवत नसतो. ‘तू काय लपवतोस’ याच्या आधी ‘तू कोणाला सांभाळतोस’ हे विचारायची मी सवय लावून घेतली, आणि तिचा मला पुढे फार उपयोग झाला. दुसरं असं की कलम लावण्याआधी गावची रीत विचारावी. ती कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही, पानावर बसूनच कळते. पण हे शहाणपण माझं नव्हे. ते मला एका चाकवाल्यानं आणि एका म्हातारीनं दिलं, आणि तेही मी त्यांच्याशी जसा वागलो होतो त्याच्या बदल्यात. हे ऋण माझ्याच्यानं फिटलेलं नाही.

त्या कारखानदारांचा कारखाना शेवटी त्या गावी झाला नाही. गोड्या पाण्याची अडचण निघाली. पण ते गृहस्थ आपल्या ओळखीच्यांना पनवेलकडे पाठवत राहिले, आणि मंडळ त्यांना फिरवत राहिलं. माझ्या पुढे ठिकठिकाणी बदल्या झाल्या. निवृत्त झालो तेव्हा घाटावर भावाकडे जमीन होती, घर होतं. तरी मी बायकोला म्हटलं, आपण पनवेलला जाऊ. मंडळातही नाव घातलं. पगार नव्हताच, त्यामुळे नियुक्तीला अडचण आली नाही.

चाकवाल्यांच्या अखेरच्या दिवसांत एक तरुण उद्योजक त्यांना भेटायला आला होता. मीही खाटेशी बसलो होतो. त्यानं सहज विचारलं, “काका, इतकी वर्षं खपलात, तुम्ही स्वतः या भागात किती कारखाने आणलेत?”

चाकवाले जरा हसले. बोलताना त्यांना धाप लागत होती. “कारखान्यांचं नक्की नाही सांगता यायचं,” ते म्हणाले. मग घट्ट्यांचा हात उचलून त्यांनी माझ्याकडे केला. “हा फौजदार मात्र मी आणला. बदलीवर आला होता, ठेवून घेतला.”

त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिलो.